रॉचेस्टर, १८७२ : एका रहस्यकथेच्या कामाच्या नोंदी

परदेशातली, जुन्या काळातली रहस्यकथा मराठीत लिहायला घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे. काम असं: न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १८७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात घडणारी, साधारण पंचेचाळीस हजार शब्दांची कादंबरी. नायिका हेस्टर, वय चौतीस, मृतात्म्यांचं बोलणं आपल्या तोंडून ऐकवणारी माध्यम. हेस्टर आणि तिच्या भोवतीची माणसं माझ्या मनातली. शहर, तारखा, कायदे आणि खटला खरा. नोकरी सांभाळून, बहुतेक रविवारी बसते.

९ जून २०२४

पहिलं पान झालं. वहीत दोन घटना शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या आणि तिथून हे डोक्यात बसलं. ३१ मार्च १८४८ च्या रात्री हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात मॅगी आणि केट फॉक्स या मुलींच्या घरात ठकठक ऐकू आली. दोन-तीन वर्षांत अमेरिकाभर मृतात्म्यांच्या बैठका भरू लागल्या. त्याच वर्षी १९ आणि २० जुलैला सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची परिषद भरली. दोन्ही गावं रॉचेस्टरहून एका दिवसाच्या वाटेवरची. आणि रॉचेस्टरमधलं एमी आणि आयझॅक पोस्ट यांचं घर दोन्हीकडे आहे. एमी पोस्ट यांची परिषदेच्या जाहीरनाम्यावर सही आहे, आणि फॉक्स मुलींच्या पाठीशी पहिल्यांदा उभं राहिलं तेही हेच कुटुंब. गुलामीतून पळून आलेली माणसंही याच घरात लपत.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८७२ ला, याच शहरात, बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन बी. अँथनी यांनी बायकांना मताधिकार नसताना मत टाकलं. १८ नोव्हेंबरला त्यांना अटक झाली. माझी कथा या दोन तारखांच्या आगेमागे.

२३ जून

पहिला आराखडा रद्द. दोन आठवडे वाया.

मी ठरवलं होतं की मतदार नोंदणीची वही चोरीला जाते आणि हेस्टर ती शोधते. पण खऱ्या घटनेचा एकेक तास नोंदलेला आहे. १ नोव्हेंबरला, शुक्रवारी, अँथनी आपल्या बहिणींसह आठव्या वॉर्डातल्या एका न्हाव्याच्या दुकानात गेल्या. तिथे नोंदणी चालली होती. तीन तरुण निरीक्षक होते. अँथनींनी त्यांना अमेरिकेच्या राज्यघटनेतली, नागरिकांच्या हक्कांविषयीची चौदावी घटनादुरुस्ती वाचून दाखवली, तुमच्यावर खटला झाला तर खर्च मी देईन असं सांगितलं, आणि तासभराच्या वादानंतर तिघांपैकी दोघे तयार झाले. शहरात जवळपास ५० बायकांनी नावं नोंदवली. मतं मात्र याच वॉर्डातल्या पंधरा जणींना टाकता आली. या साखळीत वही चोरीला जायला जागाच नाही. एवढी घटना घुसवली असती तर जाणत्या वाचकाने पुस्तक तिथेच मिटलं असतं.

यातून नियम केला: जे नोंदलेलं आहे त्याला धक्का लावायचा नाही, कथा फटींमध्ये बसवायची. ज्या बायकांनी नोंदणी केली पण मत टाकता आलं नाही त्यांची नावं सगळीकडे येत नाहीत. माझी लॉरा त्यांच्यातली. श्रीमंत विधवा, दुसऱ्या वॉर्डात राहणारी, हेस्टरच्या बैठकांना येणारी.

७ जुलै

शब्दांवर अडले. हे काम तीन दिवसांत होईल असं वाटलं होतं, तीन आठवडे लागले.

'माध्यम' म्हटलं की आपल्याकडे इंग्रजी माध्यम किंवा प्रसारमाध्यमं. 'अंगात येणं' लिहून पाहिलं. लगेच देऊळ, हळद, घुमणारी बाई डोळ्यांसमोर येते आणि रॉचेस्टरची दिवाणखान्यातली बैठक पुसून जाते. 'भगत', 'देवऋषी' तर पूर्णच वेगळे. शेवटी 'माध्यम'च ठेवला, पण पहिल्या प्रकरणात शेजारीण हेस्टरची ओळख करून देते ती अशी: "हिच्या तोंडून गेलेली माणसं बोलतात." एकदा हे वाक्य आलं की पुढे शब्द खटकत नाही. दोन जणांना वाचून दाखवून खात्री केली.

'प्लँचेट' हा शब्द आयता मिळाला असं वाटलं, आणि तिथेच घसरले. सासूबाईंना प्रकरण वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मग वाटी कुठे आहे?" त्यांच्या लहानपणी परीक्षेच्या आधी मुली खडूने अक्षरांचं वर्तुळ काढायच्या, मध्ये वाटी उपडी घालायच्या आणि बोटं ठेवून बसायच्या. मराठीत प्लँचेट म्हणजे हेच. १८७२ मधलं प्लँचेट म्हणजे पानाच्या आकाराची छोटी फळी, खाली दोन चाकं आणि टोकाला पेन्सिल. फळीवर हात ठेवायचा, पेन्सिल कागदावर लिहीत जाते. अमेरिकेत त्याची लाट आली ती १८६८ च्या आसपास. अक्षरं छापलेला वीजा बोर्ड पेटंट झाला १८९१ मध्ये, म्हणजे माझ्या कथेत तो येऊच शकत नाही. पहिल्या खर्ड्यात तो चार ठिकाणी होता.

आमच्या सुतारदादांकडून फळी करून घेतली. साग नको, हलकं लाकूड वापरा म्हणून सांगायचं राहून गेलं. पहिली इतकी जड झाली की पेन्सिलचं टोक मोडायचं. दुसरी पातळ प्लायची. दोन्ही मिळून ₹५५०. पातळ फळीवर आईंनी आणि मी दहा मिनिटं हात ठेवले. रेघोट्या उमटल्या आणि मधेच 'न'सारखं काहीतरी आलं. आपण हात हलवत नाही असं दोघींनाही मनापासून वाटत होतं. हेस्टर लिहिताना मला हा अनुभव सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

अजून दोन शब्द काढून टाकावे लागले. 'सफ्रजेट' हा मतासाठी लढणाऱ्या बायकांसाठी १९०६ मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राने काढलेला शब्द, चौतीस वर्षं उशिराचा. 'एक्टोप्लाझम', म्हणजे माध्यमाच्या अंगातून निघतो असं म्हणत तो पदार्थ, हा शब्द १८९० च्या दशकातला. असे शब्द शोधायला शब्दांची यादी करून एकेकाचं जन्मवर्ष पाहणं हाच मार्ग आहे. मी यादी उशिरा केली.

२८ जुलै

वाईला मावशीच्या वाड्यात जाऊन ठकठक करून पाहिली.

मॅगी फॉक्सने २१ ऑक्टोबर १८८८ ला न्यूयॉर्कच्या रंगमंचावर सगळ्यांसमोर कबूल केलं की हे आवाज आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो, आणि मोज्यातल्या पायांनी ते करूनही दाखवलं. सुमारे वर्षभराने तिने कबुली मागे घेतली. सांध्याच्या एवढ्याशा आवाजाने सभागृह भरेल यावर माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून घरी फरशीवर करून पाहिलं. काहीच नाही. माझ्या भाचीच्या पायाचा अंगठा लहानपणापासून कडकड वाजतो. तिला घेऊन वाईला गेले. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर तिने अंगठा टेकवून वाजवला, आणि खालच्या सोप्यात बसलेल्या मावशीने वर हाक मारली, "काय पडलं गं?" पोकळ लाकूड आवाज मोठा करतं आणि तो कुठून आला ते कळू देत नाही. बूट घालून जमत नाही. त्यामुळे माझ्या बैठकीच्या खोलीतला जाड गालिचा काढला, जमीन फळ्यांची केली आणि हेस्टरला लांब घेराचा झगा दिला.

मात्र याच प्रकरणात मोठी चूक निघाली. एक संशयी डॉक्टर म्हणतो, "फॉक्स बहिणींनी तर कबुलीच दिली आहे." १८७२ मध्ये! आमच्या ओळखीच्या निवृत्त विज्ञानशिक्षकांनी ती दाखवून दिली. त्या डॉक्टरला जे माहीत असू शकतं ते एवढंच: १८५१ मध्ये बफेलोच्या तीन डॉक्टरांनी हे आवाज गुडघ्यांतून येतात असं जाहीर केलं होतं. आता तो हेस्टरचे गुडघे उशीवर ठेवायला लावतो आणि आवाज तरीही येतो. चुकीच्या सांध्यावर नजर ठेवणारा माणूस माझ्या जुन्या सर्वज्ञ डॉक्टरपेक्षा कथेला जास्त कामाचा ठरला.

१८ ऑगस्ट

कायद्याची चूक. प्रकरणं पाच ते आठ पुन्हा लिहायची, म्हणजे अकरा हजार शब्द.

माझ्या कथेत लॉराचा दीर तिची इस्टेट सरळ आपल्या नावावर करून घेतो. मी गृहीत धरलं की त्या काळात बायकांच्या नावावर काहीच नसायचं. न्यूयॉर्क राज्यात १८४८ मध्येच विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा झाला होता, आणि १८६० मध्ये तो आणखी वाढवला गेला. विधवेची इस्टेट दिराने अशी उचलणं शक्य नाही.

आठवडाभर हात आखडले. मग कळलं की दिराला दुसरी वाट आहे आणि ती अधिक भयंकर आहे: तिला वेडी ठरवायचं. मेलेल्या नवऱ्याशी बोलते, मत द्यायला निघाली आहे, हे दोन पुरावे त्याच्या हातात आहेतच. इलिनॉयमध्ये एलिझाबेथ पॅकर्ड यांना १८६० मध्ये त्यांच्या नवऱ्याने धार्मिक मतं पटत नाहीत म्हणून वेड्यांच्या इस्पितळात टाकलं होतं आणि तीन वर्षांनी त्या सुटल्या, ही हकिकत लॉराला माहीत असणं अगदी शक्य आहे. आणि सेनेका सरोवराच्या काठी विलर्डचं सरकारी वेड्यांचं इस्पितळ १८६९ मध्ये सुरू झालेलं. लॉराच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर 'विलर्ड' हा शब्द एकदाच उच्चारला जातो. त्यानंतर तिचं नोंदणीला जाणं नुसतं धाडस राहत नाही, त्यात जोखीम येते.

८ सप्टेंबर

घरी गणपती, तरी दुपारी दोन तास काढले, आणि बरं झालं काढले. संपूर्ण प्रकरण नऊ फेकलं.

प्रकरण नऊ म्हणजे २४ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री भाड्याच्या घोडागाडीतून पाठलाग. लिहिताना मजा आली होती, चार हजार शब्द झाले होते. आज त्या महिन्याच्या बातम्या चाळताना घोड्यांची साथ समोर आली. त्या वर्षी सप्टेंबरअखेर टोरांटोच्या बाजूला घोड्यांमध्ये खोकल्याची साथ सुरू झाली आणि ऑक्टोबरात सरहद्द ओलांडून न्यूयॉर्क राज्यात आली. रॉचेस्टर, बफेलो, मग न्यूयॉर्क शहर. घोड्यांच्या ट्राम बंद, माल रेल्वे स्थानकांवर पडून, काही ठिकाणी माणसांनी गाड्या ओढल्या. ९ नोव्हेंबरला बॉस्टनला मोठी आग लागली तेव्हा बंब ओढायलाही माणसंच लावावी लागली.

म्हणजे माझ्या पाठलागाच्या रात्री रस्त्यावर धावणारा घोडा मिळणं मुश्कील. आधी वाईट वाटलं. मग सगळा पाठलाग पायी केला: ओस रस्ता, बंद तबेल्यांतून येणारा खोकला, आणि चाकांचा आवाज नसल्यामुळे मागच्या माणसाची पावलं स्पष्ट ऐकू येणं. नवं प्रकरण दोन हजार शब्दांतच संपलं. आणखी एक गोष्ट साधली. दिराने सांगितलेली हकिकत, की तो त्या रात्री गाडीने दूरच्या गावाहून परतला, आपोआप खोटी ठरते. हेस्टरला हे कळायला आत्म्यांची गरज लागत नाही, तबेल्यावरून जाताना तिचे कान उघडे असतात एवढंच.

तुम्ही कुठलंही वर्ष निवडा, त्या महिन्यात जनावरांना, पाण्याला, पिकाला काय झालं होतं ते आधी बघा. मी राजकारण आधी वाचलं आणि घोडे नंतर.

६ ऑक्टोबर

खून कसा होतो हे अखेर जमलं. छायाचित्रकारामुळे.

त्या काळात आत्म्यांचे फोटो काढून देणारे होते. त्यातले विल्यम मम्लर सर्वांत गाजलेले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि पुरावा अपुरा म्हणून ते सुटले. माझा छायाचित्रकार काल्पनिक आहे. तो लॉराचा फोटो काढतो आणि तिच्या मागे तिचा मेलेला नवरा धूसर उभा दिसतो.

ही युक्ती नीट समजायला आमच्या गावातल्या जुन्या स्टुडिओच्या काकांकडे दोन संध्याकाळी बसले. तेव्हाची काच अशी: काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत धुऊन काढायचा. काच महाग, म्हणून जुना थर खरवडून तीच पुन्हा वापरायची. नीट साफ झाली नाही तर जुनं चित्र नव्यात पुसटसं उतरतं. म्हणजे लॉराच्या नवऱ्याचा 'आत्मा' हा त्याच्या हयातीतल्या फोटोचा उरलेला थर. प्रश्न असा की ती जुनी काच छायाचित्रकाराला कोणी आणून दिली. धूसर नवऱ्याच्या खांद्यावर एक हात आहे, आणि त्या हाताचा बाकी माणूस काचेच्या कडेबाहेर गेला आहे. सगळं रहस्य त्या हातावर टांगलं. गुन्हेगार कोण हे इथे लिहीत नाही.

विषासाठी मी आधी सोमल ठरवला होता. तो टाकला, कारण काकांनी सहज सांगितलं की ओल्या काचेचा फोटो पक्का करायला पोटॅशियम सायनाइड वापरत. विष छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत त्याच्याच फळीवर ठेवलेलं! बाहेरून आणायला नको, दुकानदाराच्या वहीत नोंद नको. हे करून बघण्याचा प्रश्न नव्हता. काकांनी मला रिकाम्या ट्रे आणि पाण्यावर हातांच्या हालचाली दाखवल्या, त्या मी जशाच्या तशा उतरवल्या. बोटांचे ठसे मात्र नाहीत, ते तंत्र पोलिसांकडे अजून वीसेक वर्षं यायचं आहे. शिक्षक सरांनी हेही तपासलं.

२ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं. आमच्याकडे ३१ की १, यावर आठवडाभर वाद होता, आणि त्या वादामुळेच मला माझी चूक सापडली.

मतदानाच्या आदल्या रात्री मी टिपूर चांदणं लिहिलं होतं. हेस्टर नदीकाठच्या पिठाच्या गिरण्यांपाशी उभी राहून कोण आत शिरतं ते त्या चांदण्यात ओळखते. तिथी पाहायचं डोक्यातच आलं नाही. काल सहज हिशोब केला. २०२४ आणि १८७२ मध्ये १५२ वर्षांचं अंतर, म्हणजे एकोणीस वर्षांची आठ आवर्तनं, आणि दर एकोणीस वर्षांनी चंद्र जवळपास त्याच तारखेला त्याच कलेत येतो. १ नोव्हेंबर १८७२ च्या सुमारालाही अमावास्या होती! वारही तेच, कारण दोन्ही लीप वर्षं सोमवारी सुरू झालेली. माझ्या स्वयंपाकघरात टांगलेलं कॅलेंडर हेच माझ्या कादंबरीचं कॅलेंडर होतं आणि पाच महिने मी त्याच्याखाली बसून तारखा वेगळ्या कागदावर मांडत होते.

४ तारखेच्या रात्री चंद्रकोर लवकर मावळलेली. गिरणीपाशी काळोख. हेस्टरला माणूस आता दिसत नाही, त्याच्या चालण्यात एक पाय घासतो तो ऐकू येतो. नऊ आणि बारा या दोन्ही प्रकरणांत ती कानांनी ओळखते असं आपसूक जुळलं.

५ नोव्हेंबर

मंगळवार. तिकडे आज निवडणूक, १८७२ मधलीही याच तारखेला आणि याच वारी. त्या दिवशी सकाळी सातला मत टाकून अँथनींनी मैत्रीण एलिझाबेथ केडी स्टँटन यांना पत्र लिहिलं. हरकत घेतली गेली म्हणून बायकांना शपथ घ्यावी लागली, मग चिठ्ठ्या पेटीत पडल्या. गेली काही वर्षं निवडणुकीच्या दिवशी रॉचेस्टरच्या माउंट होप स्मशानभूमीत लोक रांग लावून त्यांच्या थडग्याच्या दगडावर किंवा त्यावरच्या पारदर्शक आवरणावर 'मी मत दिलं'चे कागद चिकटवतात. आज एकही शब्द लिहिला नाही, त्या सकाळचं प्रकरण नुसतं मोठ्याने वाचलं.

१७ नोव्हेंबर

होरेस ग्रीली यांचा मोह आवरला, आणि ते कठीण गेलं. त्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या विरुद्ध उभे राहून हरलेले हे संपादक. फॉक्स बहिणी न्यूयॉर्कला आल्या तेव्हा त्यांना आपल्या घरी ठेवून घेणारेही हेच. पण बायकांच्या मताला त्यांचा विरोध होता. ३० ऑक्टोबरला बायको वारली, ५ नोव्हेंबरला निवडणूक हरले, २९ नोव्हेंबरला स्वतः गेले. व्हिक्टोरिया वुडहलही तशाच. त्या माध्यम, अमेरिकेतल्या मृतात्मवाद्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार, आणि मतदानाच्या दिवशी तुरुंगात. दोघांवर मिळून साडेतीन हजार शब्द झाले होते. काढले. दोघेही न्यूयॉर्क शहरातले, आणि हेस्टर त्यांना भेटत नाही. ग्रीली एका वर्तमानपत्राच्या मथळ्यात उरले. वुडहल यांचं नाव एक गिऱ्हाईक तिरस्काराने घेतं आणि हेस्टर गप्प राहते, एवढंच. अँथनी स्वतः मृतात्मवादी नव्हत्या, आणि वुडहल यांच्याशी त्यांचं त्याच मे महिन्यात फाटलं होतं. म्हणून हेस्टर त्यांच्याजवळ जायला कचरते, हे मात्र ठेवलं.

एका वाचकाने विचारलं की हे मुंबईत का घडवत नाही. विचार केला होता. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लावाट्स्की आणि ऑल्कॉट १८७४ मध्ये व्हर्माँटच्या एका शेतघरात आत्म्यांच्या बैठकीतच भेटले आणि १८७९ मध्ये मुंबईत गिरगावात येऊन राहिले, तेव्हा धागा आहे. पण मुंबई प्रांतात बायकांना मत मिळालं १९२१ मध्ये, तेही मालमत्तेच्या अटीवर. दोन्ही गोष्टी एका कथेत बांधायला चाळीस वर्षांची दोरी लागते.

१ डिसेंबर

मैत्रिणीने अकरा प्रकरणं वाचली. तिचा एकच प्रश्न: "हेस्टर लबाड आहे का गं?"

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण अंगठ्याची ठकठक, झगा, फळ्या, हे सगळं मी इतक्या तपशिलात लिहिलं होतं की वाचणाऱ्याला दुसरं काही वाटणार नाही. पंधरा दिवस नवं काही लिहिलं नाही, पुन्हा वाचत बसले.

२ ऑगस्ट १८४८ ला रॉचेस्टरमध्ये बायकांच्या हक्कांची दुसरी परिषद झाली. तिथे पहिल्यांदा एका बाईला, ॲबिगेल बुश यांना, अध्यक्ष केलं. सेनेका फॉल्सला पुरुष अध्यक्ष होता. हे शोभेल की नाही अशी शंका व्यासपीठावरच्या बायकांनाच होती. आणि इतिवृत्त वाचणाऱ्या बायकांचा आवाज मागे पोचेना, लोक "मोठ्याने, मोठ्याने" ओरडू लागले. शेवटी एक शाळाशिक्षिका उठली, तिला मोठ्याने बोलायची सवय होती, आणि तिने वाचून दाखवलं. त्याच्या पुढच्या दहा-वीस वर्षांत त्याच देशात कोरा हॅचसारख्या तरुण मुली भरल्या सभागृहांत तास-तास बोलत होत्या आणि लोक तिकीट काढून ऐकत होते. फरक एवढाच की त्या म्हणायच्या, मी बोलत नाही, माझ्या तोंडून दुसरं कोणी बोलतंय.

हेस्टरचं सगळं इथे आहे आणि मी ते अंगठ्याखाली दाबलं होतं. तिच्या तोंडून एक मेलेला डॉक्टर बोलतो तेव्हा शहरातले वकीलसुद्धा ऐकतात. ती स्वतःच्या आवाजात सांगते की त्या फोटोतला हात कोणाचा आहे, तेव्हा कोणी मान वर करत नाही. पहिल्या प्रकरणापासून डॉक्टरच्या आवाजातली वाक्यं लांब, ठाम, जडशीळ शब्दांची केली. तिची स्वतःची तुटक, अर्ध्यावर सोडलेली. काही ठकठक तिच्या पायाची आहे, हे ती जाणते. काही शब्द कुठून येतात ते तिलाही कळत नाही, आणि मी ते कुठेच उलगडत नाही. फळीवर आमच्या हातांखाली उमटलेला तो 'न' मला तेव्हा आठवत होता.

बैठकीचे सहा प्रवेश नव्याने. चार आठवडे.

२९ डिसेंबर

'तू' आणि 'तुम्ही'. हा भाग मनासारखा झाला म्हणून लिहिते.

पहिल्या खर्ड्यात सगळे एकमेकांना 'आपण' म्हणत होते. संवाद सरकारी पत्रासारखे. मग घरमालकीण-भाडेकरू 'अहो-जाहो', लॉरा हेस्टरला आधी 'तुम्ही' आणि बाराव्या प्रकरणापासून 'तू' असं लावलं. माझ्या कथेतली म्हातारी रूथ क्वेकर या ख्रिस्ती पंथातली आहे. क्वेकर लोक कोणाचीही पदवी मानत नसत. इंग्रजीतलं जुनं एकवचनी संबोधन ते न्यायाधीशापासून नोकरापर्यंत सगळ्यांना वापरत. मराठीला हे शिकवावं लागत नाही. आपण आईला अगं म्हणतो, विठोबाला अरे म्हणतो. रूथ दारात आलेल्या सरकारी अधिकाऱ्याला म्हणते, "ये बाळ, थंडीत का उभा आहेस? बस, आणि तुला काय सांगून पाठवलंय ते सांग." त्यात अपमान नाही आणि भीतीही नाही. तो अधिकारी मात्र टोपी काढतो.

२६ जानेवारी २०२५

शेवटचं प्रकरण, मत टाकल्याबद्दल अँथनींवर चाललेला खटला: कॅनन्डेग्वा गावातलं न्यायालय, १७-१८ जून १८७३. यात चूक होता होता वाचली.

मी लिहिलं होतं की अँथनींना बाई म्हणून साक्ष देऊ दिली नाही. कथेला ते फार सोयीचं होतं. साक्ष देऊ दिली नाही हे खरं, पण कारण वेगळं: संघराज्याच्या न्यायालयात तेव्हा कोणत्याच आरोपीला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, तो नियम १८७८ मध्ये बदलला. एका वकील मैत्रिणीने विचारलं म्हणून शोधलं, नाहीतर छापून गेलं असतं. जे घडलं ते पुरेसं आहे. न्यायाधीश वॉर्ड हंट यांनी निकाल आधीच लिहून आणला होता, ज्यूरीला विचारविनिमय करू न देता दोषी ठरवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काही सांगायचं आहे का, हे विचारलं मात्र, आणि अँथनी बोलू लागल्या. ते बसायला सांगत राहिले, त्या बोलत राहिल्या. शंभर डॉलर दंड. भरणार नाही म्हणाल्या, आणि तो कधीच भरला नाही.

हेस्टर त्या दिवशी मागच्या बाकावर बसलेली आहे. पहिल्या खर्ड्यात ती उठून काहीतरी बोलते. ते काढलं. ती फक्त ऐकते, आणि तिथे कोणाच्या अंगातून कोणी बोलत नाही.

१६ फेब्रुवारी

हिशोब. फळ्या ₹५५०. शहराच्या जुन्या नकाशाची मोठी छापील प्रत ₹१,४००. ती १८७५ नंतरची निघाली, दोन रस्ते चुकले, ते दुरुस्त केले. प्रिंटआउट ₹२,३००. वाईच्या तीन खेपा ₹९००. एका परदेशी वर्तमानपत्र-संग्रहाची वर्गणी पहिल्या महिन्यानंतर बंद करायची राहिली, पाच महिने पैसे कापले गेले, ₹७,०००च्या आसपास. तारीख लिहून ठेवा. संपादनासाठी ₹६,०००. आठ महिन्यांत लिहिलेले शब्द सुमारे ऐंशी हजार, उरलेले सत्तेचाळीस हजार.

काल रात्री आईंना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. दिवा बारीक करून पडल्या होत्या, मला वाटलं झोपल्या. मी वही मिटल्यावर म्हणाल्या, "आणि ती मत घेणारी पोरं? त्यांचं काय झालं?"

ते मी लिहिलंच नव्हतं. निरीक्षकांना प्रत्येकी पंचवीस डॉलर दंड झाला, त्यांनीही भरला नाही, दोघांना तुरुंगात टाकलं, तिथे शहरातल्या बायका त्यांच्यासाठी जेवण नेत. मार्च १८७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी माफी दिली. पुढच्या रविवारी दोन पानं वाढवायची. लॉरा डबा घेऊन जाते, रूथ तिच्याबरोबर. हेस्टर जाते की नाही ते अजून ठरलेलं नाही.